गाठीचे लाड

६ फेब्रुवारी

आज कामावर परत गेले. खोकताना पोटाशी धरायला उशी लागते, ती पिशवीत घालून नेली. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "इथेच झोपायचा बेत दिसतोय." मी हो म्हणाले. खरं कारण सांगत बसण्यापेक्षा लोकांनी शोधलेलं कारण मान्य करणं सोपं जातं.

प्रयोगशाळेत फक्त आमच्या प्रमुख मॅडमना सांगून गेले होते, तेही "पोटाचं ऑपरेशन" इतकंच. खोटं नव्हतं. मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढला. त्यात गाठ होती, आणि शेजारच्या दोन लसिकाग्रंथींपर्यंत ती जाऊन आली होती. आम्ही ज्या पेशी दिवसभर वाढवतो, उपाशी ठेवतो, मारतो, आणि मेल्यावर त्या नेमक्या कशा मेल्या ते तपासतो, त्या याच आजाराच्या. हा योगायोग ऐकून लोक डोक्यावरून हात फिरवायला येतील. म्हणून सांगायचं नाही.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळे शंकासुर म्हणतात. पाणी उकळलं असं सांगितलं तरी तो विचारतो, "कशावरून?" आज मात्र एवढंच म्हणाला, "आलीस? बरं झालं. तू नव्हतीस तेव्हा आलेला एक नमुना माझ्या हातून मरायला टेकलाय. बघतेस?"

नमुने समोरच्या हॉस्पिटलमधून येतात. त्यांच्यावर नाव नसतं, कोड असतो. सोबत वय, गाठीची जागा आणि ऑपरेशनची तारीख. स्त्री, एकोणतीस, मोठ्या आतड्याची डावी बाजू. तारीख माझीच.

संमतीवर सही मीच केली होती. भूल द्यायच्या आधी लोक काय काय कागद पुढे करतात, त्यातला तो एक. तेव्हा वाटलं होतं, एवढ्या नमुन्यांत आपला कुठे आपल्याला भेटतोय.

आमच्याकडे एक कडक नियम आहे. स्वतःच्या पेशी स्वतः हाताळायच्या नाहीत. परक्याच्या पेशी चुकून सुईतून अंगात गेल्या, तर शरीर त्यांना हाकलून लावतं. स्वतःच्या गेल्या तर शरीर म्हणतं, "या, बसा." नियम योग्य आहे. नव्या मुलांना तो मीच शिकवते.

"बघते," म्हणाले.

८ फेब्रुवारी

शंकासुराने तसं वाईट ठेवलं नव्हतं. पेशी पारदर्शक लगद्यात बसवल्या होत्या. तिथे त्या एकमेकींना धरून पोकळ गोळे करतात, आतड्याच्या अस्तराची आठवण राहिल्यासारखे. पण निम्मे गोळे काळे पडून आत कोसळले होते. मरणाऱ्या पेशी भिंगाखाली लगेच ओळखू येतात. चांगल्या पेशीची कड तळपते, मरणारीची विझलेली असते.

मी पोषणद्रव नव्याने केला. साखर, ग्लुटामिन, वाढीची प्रथिनं, सगळं नेहमीच्या मापाने. फक्त गंजरोधक दुप्पट घातला. या पेशी साखर अधाशासारखी जाळतात आणि जाळताना ठिणग्या उडवतात. त्या ठिणग्यांनी पेशीच्या पातळ कडेतली चरबी खवट होते, आतलं लोह तिला साथ देतं, आणि पेशी अक्षरशः गंजून फुटते. गंजरोधक ठिणग्या विझवतो. आमच्या पाककृतीत तो थोडासा असतोच. मरायला टेकलेल्याला थोडा जास्त दिला तर बिघडत नाही.

दुसऱ्या कुठल्याही नमुन्यासाठी मी हेच केलं असतं. हे लिहून ठेवते.

१२ फेब्रुवारी

द्रव पिवळा पडला!

काल घातला तेव्हा गुलाबी होता. पेशी खाऊ लागल्या की साखर अर्धवट जाळून आंबट कचरा बाहेर टाकतात, त्याने रंग बदलतो. उधळ्या आहेत. एवढ्या साखरेत सभ्य पेशीने कितीतरी पट काम काढलं असतं. पण उधळ्यांचाही संसार चालतो.

घरी आल्यावर आईने चेहऱ्याकडे पाहिलं. आई लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारी बसून दुसऱ्याच्या चुका पाहण्यात तिचा जन्म गेलाय, आणि तिच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक असतो. घरातही आहे असं ती समजते.

"आज काय झालं हसायला?"

"रंग बदलला."

"कशाचा?"

आजपर्यंत तिला सांगितलं नव्हतं. सांगून टाकलं. तिने चमचा खाली ठेवला.

"थांब. डॉक्टरांनी अर्धा दिवस खपून ती अवदसा तुझ्या पोटातून काढली. आणि तू तिकडे जाऊन तिला वाढतेस?"

"वाढवते."

"तेच ते!"

"आई, ती जगली तरच तिला कशाने मारायचं ते कळेल."

"म्हणजे बळीचा बकरा पोसतात तसं."

"साधारण."

"आणि बकऱ्यानेच शिंग मारलं तर, शहाणे?"

मी नियमाबद्दल तिला काही बोलले नव्हते. आयांना उगाच काहीतरी सुचतं.

"नाव ठेवलंयस का तिला?"

"कोड आहे."

"कोड म्हणे! मी ठेवते. सटवी."

१५ फेब्रुवारी

आई रोज विचारते, "सटवी जेवली का?" आणि मग, "तू?" दोन्हींना मी हो म्हणते. एकाचं उत्तर खरं असतं.

१६ फेब्रुवारी

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे पहिली भेट. आखूड केस, बोलणं त्याहून आखूड. आई बरोबर.

गाठ निघाली, पण ग्रंथींपर्यंत गेलेली गाठ कुठे कुठे बी टाकून आली असेल ते सांगता येत नाही, म्हणून पुढचे तीन महिने औषध. दोन औषधं एकत्र. एक गोळ्यांचं, दुसरं सलाइनमधून, त्यात प्लॅटिनम आहे.

"दागिन्यातलं?" आईने विचारलं.

"तेच मूलद्रव्य," मी म्हणाले.

"मग घे की बाई! फुकट कोण देतं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दुष्परिणाम मला पाठ आहेत. त्यातला एकच मी पुन्हा विचारला. प्लॅटिनम नसांना बाधतं. बोटांची टोकं बधिर होतात. बऱ्याच जणांची पुढे सुधारतात. काहींची नाही सुधारत.

"काहींची म्हणजे?"

"तुम्ही त्यांच्यात असाल की नाही, ते मला आज सांगता येणार नाही."

माझं काम बोटांच्या टोकांवर चालतं. नळीच्या तोंडाशी लटकलेला थेंब, डोळ्यांना नीट दिसतही नाही एवढा, सुटायच्या आत बोटाला कळतो. हे शिकवून येत नाही. या इमारतीत हे काम माझ्याइतकं कुणाला जमत नाही. ही बढाई नाही, निकाल सगळ्यांना दिसतात.

"ऑपरेशननंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं," त्या म्हणाल्या.

"एका प्रयोगाचा निकाल आला की सांगते."

"कुणाच्या प्रयोगाचा?"

"माझ्या."

आई छताकडे बघत होती.

१८ फेब्रुवारी

कुणीतरी माझ्या कपाटातल्या सगळ्या सुया नेऊन तिथे बोथट तोंडाच्या नळ्या ठेवल्या. गोळे फोडून पेशी सुट्या करायला मी बारीक सुई वापरते. चौकशी केली, कुणी कबूल झालं नाही. बोथट नळीनेही काम होतं, जरा वेळ जास्त लागतो. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या कपाटाला हात लावणं ही काय पद्धत?

शिवाय शंकासुर आता माझ्याच खोलीत येऊन बसतो. त्याच्या खोलीतलं यंत्र बिघडलंय म्हणतो. मी जाऊन पाहिलं. यंत्र छान चालतंय. एकट्याने बसायचा कंटाळा येत असावा.

२१ फेब्रुवारी

गोळे भरपूर झाले. कडा तळपत आहेत. इतका देखणा नमुना या वर्षात आला नव्हता. हे मी केवळ गुणवत्तेबद्दल लिहिते आहे.

उद्या औषध घालणार. दहा बश्या, प्लॅटिनमची मात्रा चढत्या क्रमाने. गोळ्यांच्या औषधाची परीक्षा घेत नाही, कारण गोळ्या मी घेणारच आहे. प्रश्न फक्त सलाइनचा.

आईने विचारलं, "मरतात म्हणजे कशा मरतात गं?" तिला सांगितलं. एक मरण शहाण्यासारखं. पेशी आतून हुकूम सोडते, स्वतःला नीट घड्या घालून पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात, मागे घाण राहत नाही. कॅन्सरच्या पेशी हाच हुकूम बहिरेपणाने टाळतात. दुसरं मरण गंजून फुटण्याचं. तिसरं, आग लावून, आरडाओरडा करून, शेजाऱ्यांना गोळा करून. प्लॅटिनम पहिल्या मरणाचा हुकूम जबरदस्तीने ऐकवतं.

"मेल्यांचे मरायचेसुद्धा नखरे," आई म्हणाली.

२५ फेब्रुवारी

मेल्या नाहीत.

सर्वांत वरच्या मात्रेलाही नाहीत. कडा तळपतायत, द्रव पिवळा. मी बशी फिरवून फिरवून पाहिली आणि हसले. बाजूला शंकासुर होता, तो म्हणाला, "काय गं?" मी काही नाही म्हणाले. आपली गाठ औषधाला दाद देत नाही हे कळल्यावर माणूस हसत नाही, एवढं मलाही समजतं. अचूक उत्तर मिळाल्याचा आनंद असावा.

तर ठरलं. सटवीला प्लॅटिनम चालत नाही. म्हणजे मी ते घेऊन फक्त बोटं घालवणार. गोळ्या घेईन, सलाइन नाही.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंसमोर आलेख ठेवला. त्यांनी पाहिला, नीट पाहिला, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

"हे तुम्ही स्वतः केलंत?"

"हो."

"स्वतःच्या गाठीवर?"

"तो प्रश्न वेगळा."

"बरं. बशीत यकृत आहे का?"

"नाही."

"रक्त? प्रतिकारशक्ती? तुमच्या पोटात उरलेल्या पेशी, असल्या तर, अशा लगद्यात बसून मजेत जेवत असतील का?"

"बशी माणूस नाही हे मला ठाऊक आहे. पण बशीत जे मरत नाही ते माणसात मरेल असं मानायला मला कारण द्या."

"हजारो माणसांवर झालेल्या चाचण्या. हे कारण पुरत नाही?"

"ती हजारो माणसं मी नाही."

"तेच प्रत्येक जण म्हणतो," त्या म्हणाल्या. "सलाइन नाकारायला माझी सही लागणार नाही, तुमची लागेल. पण अजून थोडे दिवस आहेत. मी तुमची जागा दुसऱ्या कुणाला देत नाही."

आपण मुद्देसूद बोललो असं मला वाटलं. परतताना गाडी आई चालवत होती. मग सिग्नलला गाडी थांबवून, समोर बघत म्हणाली, "तुझी बोटं काय चाटायचीत मला?"

"आई, हा शास्त्राचा प्रश्न आहे."

"माझ्याकडे एक बाई शिकायला यायची. वळणावर डोळे मिटायची. का विचारलं तर म्हणे, समोरून येणारी गाडी दिसली की भीती वाटते, मग चुकते. डोळे मिटले की भीती वाटत नाही. परीक्षेत सांगत होती, मी एकदासुद्धा घाबरले नाही म्हणून."

"याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. हिरवा झालाय."

मागचे लोक हॉर्न वाजवत होते. संबंध खरंच मला कळला नाही. आई चिडली की गोष्टी सांगते.

१ मार्च

आई सटवीची चौकशी करत नाही. माझीही नाही. ताट वाढून ठेवते आणि आत जाते. अबोला धरायचा तर धरू दे, मीही तिचीच मुलगी आहे.

३ मार्च

शंकासुराने आज मला चारचौघांत गाठलं. चहाच्या खोलीत मॅडम होत्या, नवी मुलं होती.

"तुझ्या त्या देखण्या नमुन्याचा निकाल मॅडमनी दाखवला. एकही मेली नाही म्हणतात."

"एकही नाही."

"सोबत लाजाळू लावली होतीस ना?"

लाजाळू म्हणजे आमच्याकडची एक जुनी पेशींची जात. प्लॅटिनमचा वारा लागला तरी मान टाकते. नवशिक्यांनाही मारता येते. कुठल्याही प्रयोगात ती शेजारी लावायची असते. ती मेली तर औषध ठीक, हात ठीक. हा पहिला धडा आहे.

मी लावली नव्हती. नमुना कोणाचा हे उघड होऊ नये म्हणून बश्या थोडक्यात आटपल्या होत्या. निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं.

"गरज नव्हती," म्हणाले.

"कशावरून?"

"औषधाची बाटली नवी होती. माझा हात तुला माहीत आहे."

"हात माहीत आहे म्हणून तर विचारतोय. लाजाळू लावल्याशिवाय राहणारी बाई आहेस का तू?"

मुलं कपात बघू लागली. मॅडम म्हणाल्या, "लावून टाक गं. तोंड बंद होईल त्याचं."

"लावते," मी म्हणाले. "आणि मेली की तुझ्या टेबलावर आणून ठेवते, तेरावं घाल." मग मला सुचलं की चिडताना मी आईसारखी बोलते.

६ मार्च

लाजाळू मेली नाही.

मी बशी काढली, पाहिली, परत ठेवली, पुन्हा काढली. औषधाची बाटली तपासली. त्याच बाटलीतलं औषध शंकासुराच्या साध्या द्रवातल्या लाजाळूवर घातलं होतं, ती पहिल्याच दिवशी गेली. माझ्या द्रवातली मात्र ऐटीत बसली आहे, कड तळपवत.

म्हणजे औषधात दोष नाही. सटवीत काही खास नाही. माझ्या पाककृतीत आहे.

७ मार्च

झोप लागली नाही, पण उत्तर मिळालं, आणि ते इतकं साधं आहे की लिहायला लाज वाटते.

गंजरोधकात गंधक आहे. प्लॅटिनमला गंधक फार आवडतं. दिसलं की त्याला चिकटतं आणि मग सोडत नाही. मी गंजरोधक दुप्पट घातला होता, पेशींनी गंजून मरू नये म्हणून. औषध बशीत पडल्या पडल्या वाटेतच त्याने पकडलं असणार. मग पेशींपर्यंत काय पोचणार? मी दहा चढत्या मात्रा दिल्या असं मला वाटत होतं. देत काहीच नव्हते.

हे मला येत नव्हतं असं नाही. मागच्या वर्षी नव्या मुलांना मीच फळ्यावर लिहून दिलं होतं: प्लॅटिनम आणि गंधक एका बशीत नको. दुसऱ्या कुणाच्याही बशीत मला ते दिसलं असतं. शंकासुराच्या बशीत तर दाराबाहेरूनच दिसलं असतं. इथे दिसलं नाही. कारण मला वाटतं

वाक्य अपुरं ठेवते. आज एवढं पुरे.

८ मार्च

आज गंजरोधक वगळून पुन्हा लावलं. लाजाळू शेजारी. बोथट नळ्यांनी. शंकासुर शेजारच्या खुर्चीत, वाचल्यासारखं करत.

"काय आढळलं?" त्याने विचारलं.

"लाड जास्त झाले होते."

"हं," म्हणाला. पुढे प्रश्न नाही. त्याला बरं नसावं.

आज आठवडे मोजले. ऑपरेशननंतरच्या आठांच्या अजून आत आहोत, काठावर.

११ मार्च

मेल्या.

लाजाळू पहिल्या दिवशी. सटवी तिसऱ्या दिवशी. खालच्या मात्रांना काही झालं नाही, मधल्या मात्रेला कडा विझू लागल्या, वरच्या मात्रेला गोळे आत कोसळले आणि पुड्या बांधून सुटले. नीट, घड्या घालून, शहाण्यासारखं मरण. ज्या हुकुमाला त्या बहिऱ्या होत्या तो त्यांना ऐकू आला. त्या बश्यांतला द्रव गुलाबीच राहिला. जेवायला कुणी उरलं नव्हतं.

जवळजवळ. मोठ्या गोळ्यांच्या मध्यभागी, जिथे साखरही धड पोचत नाही, तिथे काही पेशी जिवंत आहेत. खात नाहीत, वाढत नाहीत, नुसत्या दम धरून बसल्यात. त्या कशावर जगतात ते मला माहीत नाही. कुणालाच पुरतं माहीत नाही.

मी हसले नाही. भिंगावरून डोळे काढले तेव्हा नेत्रकाच पुसावी लागली. शंकासुराने खिडकी उघडायला म्हणून पाठ फिरवली. आमच्या खोलीची खिडकी उघडत नाही.

बशी माणूस नाही. हा निकालसुद्धा माणूस नाही. मागच्या वेळी बशीने नको म्हटलं तेव्हा ती माझ्यासाठी देवाचा शब्द होती. आता हो म्हणते तर मी तिला पूजणार नाही. हजारो माणसांच्या चाचण्या दोन आठवड्यांपूर्वी होत्या तशाच आहेत. मी फक्त त्यांच्यात असायचं नाकारत होते.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. "सलाइनसुद्धा," म्हणाले.

"परवा सकाळी या," त्या म्हणाल्या. कारण विचारलं नाही. मला राग आला. चांगलं उत्तर तयार ठेवलं होतं.

घरी आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली.

"सटवी मेली म्हणून जातेस?"

"नाही. ती मेली नसती तरी जायला हवं होतं."

"हे कुणी सांगितलं?"

"तू. त्या डोळे मिटणाऱ्या बाईची गोष्ट."

"मी तर सहज बोलले," आई म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. अबोला संपला असं समजते.

१२ मार्च

सटवीचा कोड शंकासुराच्या नावावर केला. मॅडमनी कारण न विचारता सही केली. नियम नियम आहे, म्हणाल्या.

त्याला बश्या दिल्या आणि सूचना दिल्या. उपाशी मारायचं नाही, लाडही करायचे नाहीत. गंजरोधक औषधाच्या आधी धुऊन काढायचा. मधोमध उरलेल्या पेशी वेगळ्या काढून त्या काय खातात ते मोजायचं. त्या दम धरून बसतात तेव्हा कशावर बसतात ते मला हवं आहे.

"हे शोधायला हात बारीक लागेल," तो म्हणाला. "माझा नाही चालायचा."

"मी येईन."

"बोटं?"

मी त्याला औषधाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. त्याच्याकडे पाहिलं. तो बशीवर तारीख लिहीत होता, फार काळजीपूर्वक.

"उरतील तेवढ्यांनी," म्हणाले.

१३ मार्च

हॉस्पिटलात आरामखुर्च्यांची रांग, प्रत्येकीशेजारी सलाइनचा एक खांब. माझ्या डावीकडे एक गृहस्थ कोडं सोडवत होते. त्यांची ही शेवटची खेप. "घाबरू नका," म्हणाले. मी घाबरले नाही असं सांगणार होते, पण आई शेजारीच बसली होती.

"घाबरलेय," म्हणाले. "म्हणून काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "अकरा अक्षरी शब्द सुचतोय का बघा."

नर्स अनुभवी होती. पिशवी लावण्यापूर्वी माझं नाव मलाच विचारून पडताळलं. मला आवडलं. पिशवीत गंधकाचं काही नाही ना, असं मी विचारलं, तेव्हा तिने मला नीट पाहून घेतलं. "नाही. आणि आजपासून थंड वस्तूला हात लावायचा नाही. थंड पाणी नाही, उघडं लोखंड नाही. करंट लागल्यासारखं होतं."

थेंब पडायला लागले. आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती, उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबून.

"आई, इथे ब्रेक नाही."

"माहीतेय," ती म्हणाली. पाय काढला नाही.

१७ मार्च

तीन दिवस ओकण्यात गेले, त्यांच्याबद्दल लिहायला काही नाही. आई म्हणते सटवीपेक्षा मी जास्त नखरे केले.

आज कामावर गेले. शंकासुराने निकाल मांडून ठेवले होते: मधोमध उरलेल्या पेशी साखर जवळजवळ सोडून चरबी जाळत असाव्यात, असं दिसतंय. "दिसतंय म्हणजे?" मी विचारलं. तो खूष झाला.

चरबीची वाट अडवणारं एक रसायन आपल्याकडे आहे, मी म्हणाले, आणि ते काढायला थंड कपाटाकडे गेले. सवयीने. दांडी लोखंडाची. धरली मात्र, बोटांच्या टोकांतून काचेचे कण घुसावेत तशी कळ मनगटापर्यंत गेली. हात आपोआप सुटला.

शंकासुर धावत आला. "मी काढतो ना! हात नको लावू. किती वेळा..." मग जीभ चावली. त्याने मला असं एकदाही सांगितलेलं नव्हतं.

मी बोटांकडे पाहत होते. शास्त्राने लिहायचं तर हा पुरावा नाही. औषध नसांपर्यंत पोचलं म्हणून उरल्यासुरल्या पेशींपर्यंत पोचलंच असं होत नाही. पोचलं म्हणून त्या मेल्याच असंही नाही. माझ्या आत लावायला भिंग नाही. काही वर्षं कळायचं नाही, आणि कळेल ते चांगलंच असेल असंही नाही. पण मी बशीत केलं होतं तसं वाटेत त्याला कुणी धरून ठेवलं नाही. दिलं ते आत गेलं.

मी पुन्हा दांडी धरली. पुन्हा तीच कळ, तितकीच.

"अगं, वेड लागलंय का?"

"एकदा आलेला निकाल मी मानत नाही," म्हणाले, आणि डावा हात लावला.